राखणीचा वाटा

सिताबाईचं म्हातारपण आठ पायांवर उभं होतं. दोन शेळ्या, त्यांचे चार-चार. स्वतःच्या दोन पायांवरचा भरवसा तिनं कधीच सोडला होता, कारण गुडघे गेल्यापासून ते नुसते अंगाला लावल्यासारखे होते.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दिग्विजय चाकणला कंपनीत. माकणीच्या पल्याड, धरणाच्या पाण्याला टेकलेली एक वाडी आहे, तिथं भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. स्लॅब गळत होता. गळतीखाली ठेवायला तिच्याकडं भांडी पुरेशी होती, पण ती सगळी एकदम लागली की स्वयंपाकाला काही उरायचं नाही.

दिग्विजय म्हणायचा, माय, कशाला दुरुस्त करतीस, इकडंच ये. ती एकदा पंधरवडाभर राहून आली होती. सून अर्पिता चांगली होती. नाव ठेवायला जागाच नव्हती, हीच पंचाईत. सकाळी दोघं कामाला गेली की दार बंद आणि सिताबाई आत. जमीन तीन मजले खाली. इथं मेलं तरी लिफ्टनंच खाली जावं लागेल, हा विचार तिच्या मनात बसला तो निघेना. मरायचं तर आपल्या उंबऱ्यात, आणि मरेपर्यंत जगायचं तेही तिथंच, एवढीच तिची मागणी होती. शेवटी मायलेकांत ठरलं. या दिवाळीपर्यंत तिचं तिला भागलं आणि स्लॅब दुरुस्त झाला तर तिनं राहावं. नाही झाला तर तो टेंपो घेऊन येणार आणि ती मुकाट्यानं बसणार.

सरकारचं म्हातारपणाचं अनुदान तिला होतं, नाही असं नाही. ते आणायला माकणीला रिक्षानं जायचं, रांगेत बसायचं आणि मशिनवर अंगठा ठेवायचा. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्यावर रेघ उरलेली नव्हती. मशिन म्हणायचं, ही ती बाई नव्हे. मग परवा या. परवा पुन्हा रिक्षा. शिवाय दरसाल जिवंत असल्याचा दाखला. जिवंत असल्याचं दाखवायला एवढं हिंडावं लागतं की एक दिवस दाखवता दाखवताच जाईन, असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

म्हणून खरा आधार शेळ्यांचाच. तिच्या दोन्ही शेळ्या तिनं श्रीमंताकडं अर्धलीनं दिल्या होत्या. शेळ्या मालकिणीच्या, राखण त्याची, आणि होतील त्या करडांत अर्धी तिची, अर्धी त्याची. वाडीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या सगळ्याच शेळ्या अशा श्रीमंताकडं होत्या. तो नावाचा श्रीमंत. बाकी साठी उलटलेला, तोंडानं फटकळ, आणि कुणाची शेळी कधी लागली, कधी व्यायची, हे तोंडपाठ असणारा. थंडीत व्यालेली करडं तो घरात आणून चुलीपाशी ठेवायचा. लोक म्हणायचे, केवढी माया. माया असेलही, पण त्यातली अर्धी करडं त्याची स्वतःची होती, हेही खरं.

हे सगळं सुरळीत चाललेलं हिंमतराव गुरुजींना बघवलं नाही. गुरुजी निवृत्त हेडमास्तर. त्यांना पेन्शन होती. ती दर महिन्याला न मागता बसल्या जागी यायची, आणि माणसाला बसल्या जागी मिळायला लागलं की त्याला दुसऱ्यांचा कळवळा येतो. त्यांनी मोबाइलवर जगभरच्या पेन्शनींचा अभ्यास केला आणि समाजमंदिरात सभा बोलावली.

"पन्नास टक्के," गुरुजी म्हणाले. "मोठमोठे पेन्शन फंड आहेत जगात. ते व्यवस्थापनाचा खर्च म्हणून एक टक्का घेतात. कुणी अर्धा टक्का. सरकारी असेल तर त्याहून कमी. आणि आपण? आपण म्हातारपणाच्या पुंजीतलं निम्मं ह्या श्रीमंताला नुसत्या राखणीपायी देतो."

श्रीमंत पायरीवर बसला होता. त्याला बोलावलेलं नव्हतं, पण विषय त्याचाच होता म्हणून आला होता.

"त्येंच्या फंडाला लांडगा लागतो का गुरुजी?" त्यानं विचारलं.

"मुद्दा तो नाही," गुरुजी म्हणाले.

मुद्दा असा होता की सगळ्यांनी मिळून मंडळ काढायचं, शेळ्या एकत्र करायच्या, श्रीमंताला पगार द्यायचा आणि करडं सगळी सभासदांची. गुरुजींनी फळ्यावर आकडे काढून दाखवले. आकडे इतके सुंदर होते की दोघी-तिघींनी पदरानं डोळे पुसले. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर झाले. सिताबाईनंही केला. मागच्या साली तिच्या शेळ्यांना चार करडं झाली होती, त्यातली दोन श्रीमंताकडं गेली. ती दोन आपल्याकडं असती तर स्लॅब तेव्हाच झाला असता, एवढा सरळ हिशेब तिनं केला. श्रीमंताकडं मात्र तिनं बघितलं नाही.

मंडळ निघालं. गुरुजी अध्यक्ष, त्यांनी मानधन म्हणून एक पैसा घेतला नाही, हे शेवटपर्यंत खरं. दुकानदार वीरप्पा खजिनदार. झेरॉक्सवाला कुमार सचिव, कारण कागद त्याच्याकडंच होता. शेळ्यांच्या कानात नंबरचे पिवळे बिल्ले बसले. सिताबाईच्या शेळ्यांची नावं बांडी आणि कबरी होती. त्या आता अकरा आणि बारा झाल्या.

पहिली अडचण अशी आली की मंडळाकडं रोकड नव्हती, नुसते बोकड होते. त्यामुळं जो काही खर्च निघेल तो बोकडावर. नोंदणीला एक बोकड. पाटी, शिक्का आणि पावतीपुस्तक मिळून एक. पत्र्याच्या शेडला पाच. श्रीमंताचा पगार झाला, पण पगारी माणूस काम करतो का हे बघायला दुसरा माणूस लागतो, म्हणून कुमारचा मेहुणा मोटारसायकलवरून देखरेखीला. पेट्रोल बोकडातून. अर्धलीच्या काळात श्रीमंतावर नजर ठेवायला कुणी लागत नव्हतं, कारण त्याची स्वतःची नजर स्वतःच्या अर्ध्यावर असायची. पण हे कुणी बोललं नाही, कारण सभेच्या विषयांत ते नव्हतं.

मग एक नियम झाला की नोकराची जनावरं संस्थेच्या कळपात चालणार नाहीत, भानगडी होतात. नियम चांगला होता. श्रीमंतानं आपल्या पाच-सहा शेळ्या बाजारात नेऊन विकल्या आणि नुसती दावी घेऊन परत आला.

सगळ्यात मोठा खर्च मात्र सभांचा. आपल्याकडं शेळ्यांच्या कामाला चार माणसं जमली आणि वरण-भातावर उठली, असं होत नाही. नवस असो, कंदुरी असो, बोकड पडलाच पाहिजे. मंडळाच्या सभेला तर साक्षात शेळ्यांचाच विषय. पहिल्या सभेला एक कापला. दुसऱ्या सभेला पहिलीपेक्षा कमी करून कसं चालेल? बरं, वीरप्पा मटणाला शिवत नसत. त्यांच्यासाठी वेगळी चूल, वेगळा आचारी आणि पुरणपोळी. तो खर्चही बोकडातूनच निघायचा. हे वीरप्पांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. एकदा वाशी तालुक्यातले पंधरा-वीस लोक मंडळाचा आदर्श बघायला आले. त्यांना दोन लागले. तेही आपल्या गावी असंच मंडळ काढायचं ठरवून, तृप्त होऊन गेले.

श्रीमंत पगारी झाल्यापासून नऊला यायचा आणि पाचला जायचा. रविवारी सुट्टी. सुट्टी गुरुजींनीच दिली होती, माणसाला विश्रांती हवी म्हणून. पावसाळ्यात एका रविवारी तीन शेळ्या शेडमध्ये व्याल्या. सोमवारी नऊला श्रीमंत आला तेव्हा सहा करडं गारठून पडली होती.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"रैवार झाला," श्रीमंत म्हणाला.

त्यातली दोन बांडीची होती. सिताबाई शेडपाशी आली, बांडीच्या तटतटलेल्या कासेकडं बघत उभी राहिली. तिला श्रीमंताचा राग आला. तो पूर्वीचा श्रीमंत राहिला नाही, असं तिला वाटलं. तिनं तसं बोलूनही दाखवलं. त्यानं करडं उचलून पोत्यात भरली.

दसरा झाल्यावर वार्षिक सभा भरली. मांडव घातला होता. गुरुजींनी अहवाल वाचला. व्यवस्थापन खर्च फक्त सहा टक्के. टाळ्या झाल्या. सभांची जेवणं 'सभासद कल्याण' या सदरात होती, वाशीकरांचे दोन बोकड 'प्रसिद्धी'त, रविवारची करडं 'नैसर्गिक घट' म्हणून आणि मेहुण्याचं पेट्रोल 'सुरक्षे'त. त्यामुळं सहा टक्क्यांत कुणाला खोट काढता आली नसती, आणि कुणी काढलीही नाही. श्रीमंत तिथं नव्हता. तो सभासद नव्हता.

मग पंगती बसल्या. सिताबाईनं दोन भाकरी कुस्करून रस्सा घेतला. गुरुजी वाढप्यांच्या मागं फिरत होते.

"कशी झालीय भाजी, सिताबाई?"

"चांगली झालीया," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "गुरुजी, माजा वाटा किती निघाला? दिवाळी आली. स्लॅबचं बघाया पायजे."

गुरुजींनी कुमारला हाक मारली. कुमारनं मोबाइलवर बोट फिरवलं.

"पाऊण पाठ," तो म्हणाला. पाठ म्हणजे मादी करडू, तेही पुरतं एक नव्हे.

"पाऊण पाठ कशी न्यायची रं? मुंडकं सोडून?"

"तसं न्हाय सिताक्का. ती पुढच्या वर्साला जमा धरायची. पुढच्या वर्षी पाऊण आन् पाऊण मिळून दीड."

सिताबाईला पुढचं वर्ष नको होतं. पुढच्या वर्षी ती तीन मजले वर असणार होती. ती म्हणाली, "मंग माज्या दोन शेळ्या तरी परत द्या. म्या राखते त्यांना कशीबी."

कुमार जरा घुटमळला. "अकरा नंबर हाय," तो म्हणाला.

"आन् बारा?"

कुमारनं तिच्या ताटाकडं बघितलं, आणि मग दुसरीकडं.

"भाकड हुती ती. दोनदा लावली, न्हाय ऱ्हायली. ठरावच हाय आपला, भाकड जनावर सभेला घ्यायचं."

"कवा झाला ठराव?"

"मागच्या सभंला. तुमी बी हात वर केला हुता की."

केला असेल. सभेत सगळेच करायचे. सिताबाईनं घास खाली ठेवला. कबरीची आई ती तीन दिवसांची असताना गेली होती; बाटलीनं दूध पाजून सिताबाईनं तिला वाढवलं होतं, घरात, अंथरुणाशेजारी. पोटात गेलेलं आता परत काढता येत नाही, एवढंच आधी तिच्या मनात आलं. मग तिला फार वाईट वाटलं. इतकं वाईट तिला नवरा गेला तेव्हा वाटलं होतं, आणि तेव्हा निदान लोक भेटायला आले होते.

ती उठली, हात धुतले, शेडमध्ये गेली आणि बांडीचं दावं सोडलं. कुमार मागं धावत आला. मुदतीच्या आत जनावर काढलं तर जमा वाटा मंडळाला जातो, असा नियम होता.

"घ्या," सिताबाई म्हणाली. "ती पाऊण तुमाला ऱ्हाऊ द्या."

गुडघ्यांना विचारत विचारत, एका हातात काठी आणि एका हातात दावं धरून ती श्रीमंताच्या घरी पोचली. श्रीमंत दारात बसून गाठोडं बांधत होता. बांडीनं त्याला ओळखलं आणि पुढं होऊन त्याच्या खांद्याला तोंड घासलं.

"श्रीमंता, ही घे," सिताबाई म्हणाली. "पैल्यासारखी. अर्धलीनं."

"कबरीचं कळालं म्हणायचं तुमाला."

"तुला ठाव हुतं?"

"म्याच नेऊन दिली सकाळी. पगारात बसतंय त्ये."

सिताबाई ओट्यावर टेकली. मग तिनं गाठोड्याकडं बघून विचारलं, "कुठं चाललाईस?"

"लेकीकडं. सोलापूरला. दिवाळीच्या आदीच जावं म्हणलालाव."

"कशाला?"

"हितं काय हाय आक्का? माज्या शेळ्या इकाया लावल्या. पगार तीन म्हैनं झालं न्हाय. कुमार म्हणतोय, बोकड उरला न्हाय. म्हातारपण हाय, कुठंतरी न्हेऊन ठिवावंच लागतंय."

तो हे साध्या आवाजात बोलला. पण ते सिताबाईच्या मनाला लागलं. इतकी वर्षं ती त्याच्या अर्ध्याला राखणीचा खर्च म्हणत आली होती. त्या अर्ध्यावर या माणसाचं म्हातारपण उभं होतं, जसं तिचं तिच्या अर्ध्यावर. आणि ते खालून काढून घ्यायला तिनं भर सभेत हात वर केला होता, स्लॅबसाठी. स्लॅब अजून गळतच होता. तिला श्रीमंताच्या तोंडाकडं बघवेना.

"ही सगळीच घे," ती म्हणाली. "अर्धी न्हाय. मला काय करायची आता? पोरगं टेंपो घिऊन यायलालंय."

श्रीमंताचे डोळे बारीक झाले. "फुकट?"

"व्हय."

"म्या काय देवळाम्होरं बसलाव व्हय, फुकट घ्यायला? अर्धलीनं देताव तर द्या. न्हायतर न्या चाकणला, लिफ्टमदी बसवून."

एवढं बोलून त्यानं बांडीच्या पोटाखाली हात घातला आणि डोळे मिटून चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

"गाभण हाय," तो म्हणाला. "संक्रांतीच्या सुमाराला व्येईल."

"मंग सोलापूरला व्यायची का?"

श्रीमंतानं गाठोड्याची गाठ सोडली, त्यातलं घोंगडं काढलं आणि बाकीचं तसंच कोपऱ्यात सरकवलं.

धनत्रयोदशीला दिग्विजय टेंपो घेऊन आला. त्यानं स्लॅब बघितला, खालची पातेली बघितली. आवाज चढवला नाही. तो स्वभावानं गरीब होता.

"माय, आपलं ठरलं होतं."

"ठरलं हुतं," सिताबाईनं कबूल केलं. "पर शेळी गाभण हाय. अर्धलीत वाटणीला मालकीण लागती. राखणारा वाटं पाडतो आन् मालकीण उचलती. मी न्हाय तर वाटणी न्हाय. श्रीमंताचं अडकून पडंल."

"मी येईन वाटणीला. सुट्टी काढून येतो."

"तुज्या म्हातारपणाचं कोण राखतंय रं?"

"कंपनी कापते. पगारातनं."

"कुणाकडं जातंय त्ये?"

दिग्विजयनं विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला. "मेसेज येतो."

"त्यो किती ठिवून घेतो?"

तेही त्याला माहीत नव्हतं.

"मंग तुला न्हाय जमायची वाटणी," सिताबाई म्हणाली आणि त्याला करंज्या वाढल्या.

त्यानं दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी टेंपोवाल्याशी घासाघीस करून त्याची ताडपत्री विकत घेतली, स्लॅबवर चढून स्वतः पसरली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. राग आलेला होता, ते दगड ठेवण्याच्या आवाजावरून कळत होतं. मग टेंपो रिकामा घेऊन गेला. भाडं दोन्हीकडचं पडलं.

मंडळ अजून आहे. दिवाळीनंतर एकेक सभासद आपापली शेळी सोडवून घेऊन गेला. ज्यांची खाऊन झाली होती ते तेवढे सभासद राहिले. शेवटच्या अहवालात गुरुजींनी दाखवून दिलं की शेळ्याच नसल्यामुळं व्यवस्थापन खर्च शून्यावर आलेला आहे, आणि इतका कमी खर्च जगातल्या कुठल्याही फंडाला जमलेला नाही. सभेला वीरप्पांच्या पुरणपोळीवर भागवलं.

संक्रांत सरली आणि एका सकाळी श्रीमंताची हाक आली. सिताबाई काठी टेकत गेली. चुलीपाशी घोंगड्यावर बांडी बसली होती आणि तिच्या पोटाशी ओलं, काळंभोर करडू धडपडत होतं. एकच होतं. सिताबाईनं घोंगड्याचं टोक उचलून दुसरं कुठं आहे का ते बघितलं.

"एकच झालं," श्रीमंत म्हणाला. "पाठ हाय."

एकाची वाटणी कशी होते, हे दोघांनाही माहीत होतं. एक वेत याचं, पुढचं त्याचं. आधी कुणी घ्यायचं, हे मालकिणीनं सांगायचं. सिताबाई त्या करडाकडं बघत बसली. वाढवून बाजारात नेलं असतं तर स्लॅबच्या निम्म्या सिमेंटचं तरी भागलं असतं.

"हे तुजं," ती म्हणाली.

श्रीमंतानं मान वर केली नाही. करडाच्या नाकातला चिकटा बोटानं काढत तो म्हणाला, "मंग पुढचं तुमचं. त्येला अजून आठ-नऊ म्हैनं तरी लागत्यात. तवर ऱ्हाताव का हितं?"

"ऱ्हाते की," सिताबाई म्हणाली.

त्यानं करडू उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि बांडीला पाला आणायला बाहेर गेला.